गाण्याला लागलेली उचकी

आमच्या कॉम्प्युटरला उचकी लागल्याचं मला सर्वांत शेवटी कळलं. घरातल्या बहुतेक गोष्टी मला याच क्रमाने कळतात. सर्वांत आधी ते खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना कळलं. जिन्यात मला गाठून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी एक गाणं लागतं आणि मधेच अडकतं. माझ्या हातातला चहाचा कप तसाच हातात राहतो. एक तर ते पूर्ण वाजवा, नाही तर वाजवू नका." मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात काम करतो, त्यामुळे तक्रार ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको. "नोंद घेतली आहे," असं म्हणून मी वर आलो आणि बायकोला विचारलं.

"बरेच दिवस झाले की," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तिथेच तर पेपर वाचत बसलेले असता."

इथे त्या गाण्याविषयी सांगायला हवं. आमच्या इमारतीच्या कमिटीने या वर्षी इमारतीचा वाढदिवस साजरा करायचं ठरवलं होतं. इमारतीच्या अंगावर वाढदिवसाची कळा नव्हती. गच्ची गळत होती आणि लिफ्ट तिच्या मनात येईल त्या मजल्यावर थांबत होती. पण गच्ची दुरुस्त करण्यापेक्षा कार्यक्रम करणं केव्हाही सोपं. रहिवाशांनी आपापली कला सादर करावी असा कागद तळमजल्यावर लागला, आणि त्यावर माझ्या बायकोने कुणी आग्रह न करता, मला न विचारता, स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं. ही बाई आजवर फक्त स्वयंपाकघरात गायली होती, आणि तिथेही कुणी दारात येऊन उभं राहिलं की गाणं सोडून "काय हवंय?" असं विचारायची. तिचा आवाज चांगला आहे हे मला लग्नापासून माहीत होतं. तसं मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण माहीत असलेल्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

गाण्याच्या क्लासवाल्या बाईंकडून तिने ट्रॅक आणला होता. ट्रॅक म्हणजे गाणाऱ्याचा आवाज वगळून उरलेलं गाणं. बासरी, व्हायोलिन, ठेका, सगळं जागच्या जागी, फक्त गाणाऱ्याची जागा मोकळी. तो कॉम्प्युटरवर लावून ती रोज सराव करायची. आधी फोनवर लावून पाहिला होता, पण तिच्या बहिणीचा फोन नेमका त्याच वेळी येतो, आणि बासरीतून एकदा बहीण बाहेर पडली की त्या दिवशीचा सराव संपतो.

"तुम्ही एवढंच करा," ती म्हणाली. "ते गाणं न अडकता वाजेल असं बघा. बाकीचं माझं मी बघते. आयुष्यात एकदा चार लोकांसमोर उभी राहणार आहे. तिथे फजिती झाली ना, तर मी परत घरातसुद्धा गायची नाही."

"हे माझ्यावर सोड," मी म्हणालो. ऑफिसात हे वाक्य मी दिवसभर म्हणतो आणि त्याला काही अर्थ नसतो. त्या संध्याकाळी मात्र होता.

पेपर बाजूला ठेवून मी ते गाणं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं. बासरी झाली, व्हायोलिन झालं, ठेका सुरू झाला, आणि पहिलं कडवं रंगात येतंय न येतंय तोच सगळं गप्प. वाद्यवाले एकदम उठून बाहेर गेल्यासारखी शांतता. मी माउस उचलेपर्यंत ते परत आले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाजवू लागले. पुढच्या कडव्यात पुन्हा तेच. शेवटच्या कडव्यात पुन्हा तेच. नीट ऐकल्यावर लक्षात आलं की ही उचकीसुद्धा शिस्तीची आहे. रोज त्याच जागी लागते.

पहिला संशय अर्थातच स्पीकरवर गेला. त्यांच्या जाळीतून मी जुन्या टूथब्रशने इतकी धूळ काढली की यातून आजवर आवाज येत होता हेच नवल वाटावं. वायरी बदलल्या. स्पीकर टेबलाखाली ठेवून पाहिले, कपाटावर ठेवून पाहिले. कपाटावरून गाणं अधिक दूरवर अडकताना ऐकू आलं, एवढाच फरक पडला. मग दोष गाण्यातच असेल म्हणून क्लासवाल्या बाईंकडे जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर तोच ट्रॅक ऐकला. तो तिथे सरळ वाजला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर छान वाजतं." या वाक्यातल्या 'आमच्याकडे' या शब्दावरचा जोर मला बरेच दिवस पुरला.

अशा बातम्या इमारतीत झिरपायला गच्चीची गरज लागत नाही. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे फॉर्मॅटकाका हजर झाले. हे काका एका कारखान्यात भांडारपाल होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर हा विषय हातात घेतला. कॉम्प्युटरच्या सर्व विकारांवर त्यांच्यापाशी एकच औषध आहे, ते म्हणजे फॉर्मॅट. म्हणजे आतलं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकायचं आणि पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करायची. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये आता काहीच उरलेलं नाही, त्यामुळे तो उत्तम चालतो.

"फॉर्मॅट मारून टाकू," चप्पल काढता काढताच काका म्हणाले.

"काका, आधी काय झालंय ते बघू या ना."

"काय झालंय ते बघायचंच कशाला? फॉर्मॅट केलं की जे झालंय ते जातंच."

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं, हीच अडचण होती. मी नम्रपणे नकार दिला. काका उठले, पण दारातून म्हणाले, "शेवटी माझ्याकडेच याल. सगळे येतात." तेव्हापासून हा प्रश्न फक्त गाण्याचा राहिला नाही. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून मला कुणी अशी भविष्यवाणी ऐकवली की माझ्यातला निद्रिस्त वीर जागा होतो.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते आणि तिला यातलं कळतं. "बाबा, तो कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या वेळचा आहे. नवीन घ्या," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी तर त्याच्याही आधीचा आहे." ती म्हणाली, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ त्यांनी मला संगीत ऐकवलं. ते कुठेही अडकलं नाही, हे मी नमूद करून ठेवतो. नंतर एका गृहस्थांनी अत्यंत गोड आवाजात विचारलं, "सर, मशीन चालू आहे का?" मी हो म्हणालो. "सर, एकदा बंद करून चालू करता का?" केलं. "सर, आता प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणालो, अजून गाणं सुरूही झालेलं नाही. "म्हणजे सध्या प्रॉब्लेम नाही. आपल्या तक्रारीचं निवारण झाल्याची नोंद करतो." मी थक्क झालो. ही युक्ती आमच्या कार्यालयात मी स्वतः सुरू केली आहे. 'सध्या नळ बंद आहे ना? म्हणजे सध्या गळत नाही.' स्वतःच्याच तलवारीचा वार आपल्या मानेवर कसा बसतो ते त्या दिवशी कळलं, आणि ती तलवार फार धारदार आहे हेही कळलं.

राहता राहिलं सर्व्हिस सेंटर. रजा टाकून, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मी तो रिक्षातून नेला. टोकन घेऊन बसलो. काउंटरवरच्या मुलीने डबा आत पाठवला आणि माझा नंबर पुन्हा येईपर्यंत मी भिंतीवरच्या 'तुमचं समाधान, आमचं यश' या पाटीतली अक्षरं उलटसुलट वाचत बसलो. शेवटी डबा बाहेर आला. "दोष आढळला नाही," ती म्हणाली.

"गाणं वाजवून पाहिलं का?"

"हो सर. आमची टेस्टची धून वाजवली."

ती धून त्यांनी मला ऐकवली. ती इतकी आखूड होती की तिला शिंकायलाही सवड नव्हती, उचकी कुठून लागणार? मी म्हणालो, पूर्ण गाणं वाजवा. ती म्हणाली, आमच्याकडे पूर्ण गाण्याची तरतूद नाही. मग तिने पडदा माझ्याकडे फिरवला आणि 'मी सेवेबाबत समाधानी आहे' याखाली बोटाने सही करायला सांगितलं. मी असमाधानी असल्याचं सांगितलं. ती अगदी सहानुभूतीने म्हणाली, "सर, असमाधानी असाल तर काहीच हरकत नाही, पण मग मशीन परत देता येत नाही. सिस्टिम घेत नाही." मी तत्त्वाचा माणूस आहे. म्हणून काउंटर जेवणासाठी बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत मी तत्त्वाला धरून तिथेच बसून राहिलो. त्यानंतर समाधानी झालो आणि डबा काखोटीला मारून घरी आलो.

जिन्यात फॉर्मॅटकाका उभेच होते. त्यांनी चादरीतल्या डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आजाऱ्याच्या घरातून निघताना हलवतात तशी मान हलवली.

आता मात्र मी चंग बांधला. सर्व शास्त्रं हरली तेव्हा मी साधा उपाय केला. खाली जमिनीवर बसलो, डब्याला कान लावला आणि गाणं सुरू केलं. बायको दारात येऊन पाहून गेली. पुरुष माणूस यंत्राला बिलगून डोळे मिटून बसलेला दिसला तर शहाण्या बायका प्रश्न विचारत नाहीत. बासरी झाली, व्हायोलिन झालं. आणि ठेका सुरू होऊन जरा वेळ गेल्यावर डब्याच्या पोटातून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि आतली एक घरघर थांबली. गाणं मात्र चालूच होतं. मग थोड्या वेळाने गाणं थांबलं, आणि त्याच क्षणी आतून पुन्हा 'घर्र' सुरू झालं. अर्धवट झोपेतून उठवलेला माणूस चरफडत उठतो ना, थेट तसं. घरघर स्थिरावली आणि गाणं पुढे निघालं.

आत कुणीतरी झोपत होतं. आता प्रश्न एवढाच होता की त्याला झोपायची परवानगी कुणी दिली.

त्याचं उत्तर सापडलं आणि मी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. घरभर फिरत दिवे आणि पंखे बंद करणं हा माझा फावल्या वेळातला मुख्य व्यवसाय आहे. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्यात वीजबचतीचं एक पान असल्याचं पाहून मला कोण आनंद झाला होता. किती वेळ रिकामं राहिल्यावर काय काय बंद करायचं, हे तिथे विचारलं होतं. मी प्रत्येक ठिकाणी सगळ्यात कमी आकडा घातला होता. गाणी ठेवली होती ती डिस्क जुन्या कॉम्प्युटरमधून काढून यात बसवलेली, कारण चालती वस्तू टाकायची नाही हे माझं दुसरं तत्त्व. तर कॉम्प्युटर तिच्याकडून गाण्याचा एक घास घ्यायचा आणि चघळत बसायचा. आपलं काम झालं असं समजून डिस्क माझ्या हुकमाप्रमाणे झोपायची. पुढचा घास हवा असला की तिला उठवावं लागायचं, आणि ती उठून बसेपर्यंत वाद्यवाले ताटकळत उभे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही रिक्षाने.

तो आकडा काढून तिथे 'कधीच नाही' असं निवडलं. गाणं लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते तेल घातल्यासारखं वाजलं. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"आतलं एक धोरण चुकीचं होतं."

"कुणाचं?"

"कॉम्प्युटरचं," मी म्हणालो.

मग मी जिन्यात गेलो. वकीलबाईंना हाक मारली, फॉर्मॅटकाकांना हाक मारली, आणि दार उघडं ठेवून पूर्ण गाणं मोठ्याने वाजवलं. वकीलबाईंचा चहा सुखरूप संपला. काका म्हणाले, "तात्पुरतं असेल." त्यावर मी असंही जाहीर करून टाकलं की कार्यक्रमात सगळ्यांचीच गाणी आता आमच्या कॉम्प्युटरवर वाजतील आणि वाजवायला मी स्वतः बसेन. विजयाच्या भरात माणूस नको ती आश्वासनं देतो, हे आमच्या कार्यालयातसुद्धा घडतं.

संध्याकाळी बायको सरावाला उभी राहिली. पहिल्या ओळी सुरेख गेल्या. मग वरच्या सुरात जाणारी चढी ओळ आली, आणि ट्रॅक पुढे निघून गेला, ती मागेच राहिली. ती धावत त्याला गाठायला गेली, तिचा दम तुटला, आणि ती थांबली. परत लावलं. परत तिथेच थांबली. पुढच्या कडव्यात तसंच.

"इथे ते थांबायचं," ती हळूच म्हणाली. "मी तिथे श्वास घेते."

पहिल्या दिवसापासून तिने ते गाणं उचक्यांसकट पाठ केलं होतं. त्या रिकाम्या जागेत ती पोटभर श्वास भरून घ्यायची आणि मग त्या बळावर वरच्या सुराला हात घालायची. तिला वाटत होतं, ते अडकणं गेलं की गाणं आणखी सोपं होईल. मलाही तसंच वाटलं होतं. इतकी मरमर करून मी काय दुरुस्त केलं, तर माझ्या बायकोची श्वास घ्यायची जागा बुजवली.

पुढचे दिवस ती जिद्दीने उभी राहिली. पहाटे, दुपारी, भांडी घासताना. पण अंगात भिनलेलं असं सहज सुटत नाही. रोज ती त्याच पायरीवर ठेचकाळायची आणि रोज तिचा आवाज थोडा बारीक व्हायचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर तिने ट्रॅक लावलाच नाही, नुसती साडीला इस्त्री करत बसली. मला अपराध्यासारखं झालं.

"मी पुन्हा होता तसा करून देतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नको." तिने इस्त्री उभी केली. "सगळ्या जिन्याला ओरडून सांगितलंत, नीट झाला म्हणून. उद्या तिथे अडकला तर लोक तुम्हाला नावं ठेवतील. काका तर वर्षभर पुरवतील. मी घेईन सांभाळून."

माझा मान राखायला ही बाई आपलं एकुलतं एक गाणं पणाला लावायला निघाली होती. मी जाऊन पंखा बंद केला. तो मुळात लावलेलाच नव्हता.

कार्यक्रम तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून मोकळ्या केलेल्या जागेत होता. मी बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसलो होतो. कमिटीच्या सेक्रेटरींच्या मुलीचा नाच झाला, त्याचं गाणं बिनचूक वाजलं. वकीलबाईंनी नकला केल्या. पहिल्या रांगेतले फॉर्मॅटकाका दर गाण्यानंतर माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. मग माझ्या बायकोचं नाव पुकारलं गेलं.

ती माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिचे हात पदरात गुंतले होते. बासरी झाली, व्हायोलिन झालं, ती गाऊ लागली. लोक बोलायचे थांबले. पण मी गाणं ऐकत नव्हतो, मी तिचे खांदे बघत होतो. चढी ओळ जवळ आली तसे ते खांदे आवळले गेले, मान ताठ झाली. मी बोट बटणावर नेलं आणि गाणं थांबवलं.

सगळं गप्प झालं. तळमजला श्वास रोखून बसला. एक तीच काय ती श्वास घेत होती, सावकाश, छाती भरून. तिचे खांदे खाली आले, तसं मी बोट पुन्हा दाबलं. आणि ती ओळ अशी वर गेली की लिफ्टसुद्धा कधी तितकी वर गेली नसेल.

"बघा," काकांचा आवाज आला, "मी म्हणत होतो. फॉर्मॅट न करता कुठे जाणार?" मागे कुणीतरी हसलं. वकीलबाई कुणाला तरी सांगत होत्या की हे असंच, रोज ऐकायचे मी. मी पडद्याकडे बघत बसलो. कान तापले होते. पण दुसरं कडवं आलं, तसं मी पुन्हा थांबवलं, आणि शेवटचं आलं, तेव्हा पुन्हा. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही.

गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सेक्रेटरींनी माइक घेतला. "आमच्या कॉम्प्युटरवाल्यांमुळे जो व्यत्यय आला, त्याबद्दल कमिटी दिलगीर आहे," ते म्हणाले. "पण मशीन तीन-तीनदा बंद पडूनही वहिनी जराही डगमगल्या नाहीत. याला म्हणतात कलाकार." टाळ्या आणखी वाढल्या. मी सगळ्यांत जोराने वाजवल्या. काका येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांनाच जमतं असं नाही." मी म्हणालो, "खरं आहे, काका."

सगळं आटोपल्यावर आम्ही सामान घेऊन जिना चढू लागलो. लिफ्ट मधल्या कुठल्यातरी मजल्यावर विसावली होती. डबा माझ्याकडे होता, स्पीकर तिच्याकडे. भेटेल तो तिला थांबवून काहीबाही बोलत होता, आणि माझ्याकडे कणवेने बघत होता. आम्ही आमच्या दाराशी पोचलो. कुलूप काढता काढता ती म्हणाली,

"शेवटच्या कडव्यात बोट परत जरा लवकर दाबलंत."

"पुढच्या वेळी लक्ष ठेवतो," मी म्हणालो.